तुटक रेषेच्या पलीकडे
(कोरियातल्या प्राचीन लाकडी इमारती पुन्हा उभ्या राहतात त्या कशा?)

कोरियन सिरियल्स हे आपल्या हॉस्टेलमधलं कॉमन व्यसन आहे, त्यामुळे सोलचा ग्योंगबोकगुंग राजवाडा कुणाला नवीन नसावा. टोकाला वर वळलेली छपरं, लाल खांब, हिरव्या नक्षीच्या तुळया, मोठमोठी अंगणं! बघताना वाटतं, सहाशे वर्षांपूर्वीचं सगळं जसंच्या तसं उभं आहे. पण खरं सांगू? त्यातल्या कितीतरी इमारती आपल्या आईवडिलांपेक्षा वयाने लहान आहेत. १३९५ मध्ये बांधलेला हा राजवाडा १५९२ च्या जपानी आक्रमणाच्या वेळी जळाला. पुढची पावणेतीनशे वर्षं ती जागा तशीच पडून होती. १८६५ पासून तो परत बांधला गेला आणि विसाव्या शतकात जपानी राजवटीत त्यातला बहुतेक भाग पाडला गेला. सिंहासनाचा मुख्य दरबार १८६७ चा आहे, पण आज दिसणारं बाकीचं बरंचसं काम १९९० मध्ये सुरू झालेल्या पुनर्बांधणीतलं आहे.

थर्ड इयरच्या सेमिनारसाठी मी हा विषय घेतला तेव्हा मैत्रिणींनी विचारलं, "सिव्हिलवाल्यांना लाकूड कशाला? आपल्याला तर आर.सी.सी. शिकवतात." प्रश्न रास्त होता. पण वाचत गेले तसं लक्षात आलं, की मुद्दा लाकडाचा नाहीच. जी वस्तू आज अस्तित्वात नाही ती परत बांधायची, तर 'ती अशीच होती' असं म्हणण्याचा अधिकार इंजिनिअरला कुठून मिळतो? हा प्रश्न आपल्या सगळ्या ब्रँचेसचा आहे. कोरियातल्या लोकांनी त्याची उत्तरं वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी दिली. काही छान जमली, काही फसली. त्यांचीच ही गोष्ट.

खांब दगडावर नुसता उभा असतो!

आधी ही इमारत उभी कशी राहते ते बघू. आपल्याकडच्या वाड्यात खांबाखाली जो दगड असतो त्याला तळखडा म्हणतात. (मी इंग्लिश मीडियमची, त्यामुळे हा शब्द मला आजोबांकडून कळला.) कोरियातही खांब अशाच दगडावर उभा करतात. पण पुष्कळदा तो दगड घडवलेला नसतो, नदीत किंवा डोंगरात मिळाला तसा उंचसखल असतो. मग सुतार काय करतो? दगड सपाट करण्याऐवजी तो खांबाचा तळ दगडाप्रमाणे कापतो. खांब ओळंब्यात धरून दगडावर उभा करायचा. कंपाससारख्या हत्याराचं एक टोक दगडावरून फिरवायचं, दुसरं टोक लाकडावर रेघ उमटवत जातं. त्या रेघेवर तासलं की खांबाचा तळ दगडावर घट्ट बसतो. याला ते 'ग्रेंगी' म्हणतात. बोल्ट नाही, सिमेंट नाही. वरच्या छपराचं वजनच खांबाला जागेवर धरून ठेवतं.

खांबांची डोकी आडव्या तुळयांनी जोडलेली असतात. लाकडात लाकूड अडकवायचं, कुसू आणि खाच. त्याच्या वर येतो या वास्तुकलेचा खरा हिरो, तो म्हणजे 'गोंगपो'. छोटे ठोकळे आणि आडवे हात एकावर एक रचून केलेला ब्रॅकेट. त्याचं काम दुहेरी आहे. छपराचा भार गोळा करून खांबावर आणायचा आणि वळचण भिंतीच्या पुष्कळ पुढे न्यायची, म्हणजे पावसाचं पाणी लाकडावर आणि मातीच्या भिंतीवर पडत नाही. वर वासे, वाशांवर लाकडाचा भराव, त्यावर मातीचा थर आणि शेवटी कौलं. म्हणजे छप्पर चांगलंच जड असतं.

गोंगपो फक्त खांबाच्या डोक्यावर असला तर त्या पद्धतीला 'जुसिम्पो' म्हणतात आणि खांबांच्या मधल्या जागेतही असला तर 'दापो'. आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या इमारती जुसिम्पो पद्धतीच्या आहेत. दापो नंतर रुजली आणि जोसॉन काळात मोठ्या इमारतींसाठी सर्रास वापरली गेली. त्यामुळे जाणकार माणूस ब्रॅकेट बघूनच इमारतीच्या काळाचा अंदाज करतो.

अजून एक गंमत. कोपऱ्यातले खांब मधल्या खांबांपेक्षा किंचित उंच ठेवतात आणि बाहेरचे खांब किंचित आत झुकवतात. काही जुन्या देवळांत खांब मध्ये थोडे फुगीर असतात. दुरुस्तीला गेलेल्या उत्साही माणसाने ओळंबा लावून हे सगळं 'सरळ' केलं, तर त्याने इमारत दुरुस्त केली की बिघडवली? म्हणून दुरुस्तीच्या आधी मोजमाप आणि मोजमापाच्या आधी समज, हा पहिला धडा.

आढ्यावर लिहिलेला जन्मदाखला

कोरियातली सर्वांत जुनी उभी असलेली लाकडी इमारत कोणती? आंदोंगजवळच्या बोंगजोंगसा देवळातलं गुंगनाकजॉन हे दालन. हे कसं कळलं ते वाचण्यासारखं आहे. १९७२ च्या सुमारास ते दुरुस्तीसाठी सुटं केलं तेव्हा आत एक लेख सापडला. १३६३ मध्ये छपराची दुरुस्ती केल्याची नोंद त्यात होती. आता विचार करा, छपराची मोठी दुरुस्ती इमारत बांधल्यावर लगेच होत नाही, शंभर-दीडशे वर्षांनी होते. म्हणून मूळ बांधकाम तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं असावं, असं अभ्यासक मानतात. यात '१३६३ ची दुरुस्ती' हा पुरावा आहे आणि 'तेरावं शतक' हा पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. दोन्ही महत्त्वाचे, पण दोन्ही एक नव्हेत.

बुसॉकसा देवळाचं मुख्य दालनही असंच. १९१६ च्या दुरुस्तीत शाईने लिहिलेला मजकूर मिळाला. त्यावरून ते १३७६ मध्ये पुन्हा बांधल्याचं समजलं. सुदॉकसाच्या दालनाचं साल, १३०८, हेही १९३७ मध्ये दुरुस्ती चालू असताना कळलं. आढ्यावर किंवा तुळईवर तारीख लिहून ठेवायची कोरियन सुतारांची सवय आज अभ्यासकांच्या कामी येते. जिथे लेख नाही तिथे लाकडातली वर्षवलयं मोजतात. कुठल्या वर्षी पाऊस चांगला झाला, कुठल्या वर्षी झाड जेमतेम वाढलं, याचा जाड-बारीक वलयांचा क्रम जुळवून झाड कधी तोडलं ते सांगता येतं. अर्थात बाहेरची साल शाबूत असेल तरच शेवटचं वर्ष नक्की मिळतं. सुताराने ती तासून टाकली असेल तर 'या वर्षाच्या नंतर' एवढंच म्हणायचं.

नऊ मजले आणि एक फूटपट्टी

आता सर्वांत अवघड पेपर! सिल्ला राज्याची राजधानी ग्योंगजू. तिथे ह्वांगन्योंगसा देवळात राणी सॉन्दॉकच्या काळात, ६४५ मध्ये, नऊ मजली लाकडी मनोरा बांधला. (या राणीवरची सिरियल काही जणींनी पाहिली असेल.) कोरियन भाषेत अशा मनोऱ्याला 'थाप' म्हणतात, आणि तो शब्द चीनमार्गे गेलेल्या आपल्या 'स्तूप' या शब्दाच्या नात्यातला आहे. बांधणारा मुख्य कारागीर अबीजी हा शेजारच्या, शत्रू असलेल्या बेक्जे राज्यातून बोलावलेला होता. या कामावर दोनशे कारागीर होते असं 'सामगुक युसा' या तेराव्या शतकातल्या ग्रंथात लिहिलं आहे. जवळजवळ सहाशे वर्षं हा मनोरा वारंवार दुरुस्त होत उभा होता. १२३८ मध्ये मंगोल स्वारीत तो जळून गेला.

आज तिथे काय आहे? गवत आणि दगड. १९७६ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन झालं. एका बाजूला ८ याप्रमाणे ६४ तळखड्यांची चौकट मिळाली, प्रत्येक बाजू २२.२ मीटर. मध्यभागी मुख्य खांबाचा प्रचंड दगड. जिथे वरचा दगड गेलेला असतो तिथेही त्याच्याखाली ठासून भरलेला गोट्यांचा पाया राहतो, त्यामुळे खांबाची जागा कळते. आढ्याच्या टोकाला बसवायचं मातीचं एक शिल्प सापडलं, त्याची उंचीच १८२ सेंटीमीटर! म्हणजे छपरं केवढी असतील याची कल्पना करा.

प्लॅन तर मिळाला. उंचीचं काय? ८७२ मध्ये मनोऱ्याची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा धातूच्या पत्र्यांवर एक लेख कोरून मधल्या दगडात ठेवला होता. तो पुढे सापडला. त्यात लिहिलंय की शिखराच्या लोखंडी तबकडीच्या वर ७ 'बो' आणि खाली ३० 'बो' ३ फूट. एक बो म्हणजे ६ फूट. म्हणजे ४२ अधिक १८३, एकूण २२५ फूट. 'सामगुक युसा'तही हेच आकडे आहेत, ४२ आणि १८३. चारशे वर्षांच्या अंतराच्या दोन नोंदी तंतोतंत जुळतात! व्हायव्हात एक्स्टर्नलसुद्धा खूश होईल.

पण थांबा. फूट म्हणजे किती? त्या काळात एकाच लांबीचा फूट नव्हता. ३५.६ सेंटीमीटरचा फूट धरला तर उंची ८० मीटर येते. चीनच्या तांग राजवटीतला सुमारे २९.७ सेंटीमीटरचा फूट धरला तर जवळपास ६७ मीटर. फरक तेरा मीटरचा, म्हणजे एक चार मजली हॉस्टेल! सहसा ८० मीटर हा आकडा सांगितला जातो, पण त्यामागे 'कुठली फूटपट्टी' हा निर्णय दडलेला आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

आणि खरी अडचण तर पुढेच आहे. पाया माहीत, उंची साधारण माहीत, पण या दोघांच्या मध्ये जे होतं ते सगळं जळलं. सातव्या शतकातली एकही लाकडी इमारत कोरियात आज उभी नाही. मग ब्रॅकेट कसा होता? प्रत्येक मजला किती आत घेतला होता? मधला खांब थेट वरपर्यंत होता का? इथे अभ्यासक आजूबाजूच्या नातेवाइकांकडे वळतात. ग्योंगजूच्याच अनापजी तलावाच्या गाळातून १९७५ च्या उत्खननात सिल्ला काळातल्या ब्रॅकेटचे खरे लाकडी तुकडे निघाले. चिखलात हवा पोचली नाही म्हणून ते टिकले. गोगुर्यो राज्यातल्या थडग्यांच्या भिंतींवर खांब आणि ब्रॅकेट रंगवलेले आहेत. जपानमध्ये नारा इथल्या हॉर्युजीचा पाच मजली मनोरा आहे. बेक्जेचे कारागीर ५८८ मध्ये जपानला गेल्याची नोंद असल्यामुळे हे नातं ओढूनताणून जोडलेलं नाही. चीनमध्ये यिंगशिएनचा १०५६ चा, ६७ मीटर उंच लाकडी मनोरा आहे. आणि खुद्द कोरियात बॉपजुसा देवळाचं पाच मजली पालसांगजॉन आहे, पण ते सतराव्या शतकातलं.

मग हॉर्युजीचंच ड्रॉईंग घेऊन मोठं केलं तर? ही शंका मलाही आली होती. हॉर्युजीचा मनोरा सुमारे ३२ मीटर. त्याची प्रत्येक लांबी अडीचपट केली तर वजन अडीचच्या घनाने वाढतं, म्हणजे साडेपंधरा पट. खांबाचं क्षेत्रफळ मात्र वर्गानेच वाढतं, सव्वासहा पट. म्हणजे खांबातला स्ट्रेस अडीचपट झाला. लाकूड तर तेच आहे! त्यामुळे अबीजीने हॉर्युजीची फक्त मोठी कॉपी नक्कीच केली नसणार, त्याने काहीतरी वेगळी रचना वापरली असणार. ती कुठली, याचं एकच एक उत्तर पुराव्यातून निघत नाही. म्हणूनच वेगवेगळ्या अभ्यासकांनी मांडलेले मनोरे एकमेकांसारखे दिसत नाहीत. ग्योंगजूमध्ये २०१६ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात एक-दशांश मापाचं मॉडेल आहे, पण खरा मनोरा अजून बांधलेला नाही. त्याच देवळाचं मधलं दार आणि दक्षिणेकडचा सोपा २०२० मध्ये डिजिटल स्वरूपात उभा केला, टॅब्लेट धरला की जागेवरच दिसतो. उद्या नवा पुरावा मिळाला तर फाइल बदलता येईल. ८० मीटरचा लाकडी मनोरा बदलता येत नाही.

एकाच अंगणातली दोन उत्तरं

इक्सानच्या मिरुकसा देवळात दोन दगडी मनोरे आहेत. दगडी असले तरी ते आपल्या विषयातलेच, कारण त्यांत लाकडी बांधकामाची नक्कल आहे. खांब, तुळया, वळचण, सगळं दगडात. (आपल्या कार्ल्याच्या लेण्यातही दगड लाकडाची नक्कल करतो, हे सहलीला गेलेल्यांना आठवेल.) लाकडी मनोरे नष्ट झाल्यामुळे असे दगड म्हणजे लाकडाचे फोटोच.

पूर्वेकडचा मनोरा पूर्ण नाहीसा झालेला होता. १९९३ मध्ये तो नऊ मजली, नवाकोरा, मशीनने कापलेल्या ग्रॅनाइटमध्ये उभा केला. दिसायला गुळगुळीत आणि सरळ. त्यावर आजही टीका होते. पश्चिमेकडचा मनोरा अर्धवट कोसळलेला होता, आणि १९१५ मध्ये जपानी राजवटीत त्याला काँक्रीट थापून आधार दिला होता. २००१ पासून तो सुटा करायला घेतला. सुमारे १८५ टन काँक्रीट काढावं लागलं. २००९ मध्ये आत अवशेषांचा करंडा आणि सोन्याचा पत्रा मिळाला, त्यावरून ६३९ हे साल पक्कं झालं. आणि २०१९ मध्ये काम पुरं होऊन मनोरा खुला झाला, तेव्हा तो सहा मजल्यांवर थांबलेला होता! वर किती मजले होते आणि कसे, याचा खात्रीलायक पुरावा नव्हता, म्हणून ते बांधलेच नाहीत. जवळपास वीस वर्षं काम करून अर्धवट दिसणारी इमारत लोकांपुढे ठेवायची, याला हिंमत लागते. मला विचाराल तर या सगळ्या विषयातला माझा सर्वांत आवडता निर्णय हाच.

ड्रॉईंग होतं, हातातली कला नव्हती

सोलचा दक्षिण दरवाजा सुंगन्येमुन, मूळचा १३९८ चा. १० फेब्रुवारी २००८ च्या रात्री एका माणसाने त्याला आग लावली. पाणी मारूनही आग विझेना, कारण पाऊस आत येऊ नये म्हणून केलेलं छपरच बंबाचं पाणी आत जाऊ देत नव्हतं. कौलांखालच्या लाकडी भरावात आग धुमसत राहिली आणि पहाटेपर्यंत वरचा मजला कोसळला.

नशीब असं, की २००६ मध्येच त्याचं बारकाईने मोजमाप होऊन १८२ पानांची ड्रॉईंग्ज तयार होती. त्यामुळे मे २०१३ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. खालच्या मजल्याचं वाचलेलं लाकूड परत वापरलं, कौलं जुन्या पद्धतीच्या भट्टीत भाजली, लाकूड हातहत्यारांनी तासलं. पण काही महिन्यांतच रंगाचे पोपडे निघायला लागले! पारंपरिक रंग खनिजांचे आणि प्राण्यांपासून काढलेल्या सरसाचे असतात. गेली काही दशकं सगळीकडे केमिकल रंग वापरत असल्यामुळे जुनी कृती हातातून गेली होती. २०१४ च्या सरकारी तपासणीत तर असं निघालं, की ठरल्याप्रमाणे फक्त पारंपरिक साहित्य न वापरता गुपचूप केमिकल रंग आणि चिकटद्रव्य मिसळलं होतं. १८२ पानांत प्रत्येक तुळईचं माप होतं, पण सरस किती घट्ट करायचा हे कुठल्याच पानावर नव्हतं.

याच्या उलट उदाहरण सुवॉनच्या ह्वासॉंग किल्ल्याचं. १७९४ ते १७९६ मध्ये तो बांधला आणि १८०१ मध्ये त्याचा सविस्तर अहवाल छापला. नकाशे, इमारतींची चित्रं, साहित्याचे हिशोब, कारागिरांची नावं, कुणी किती दिवस काम केलं आणि किती मजुरी मिळाली, दगड उचलायची कप्प्यांची क्रेन कशी जोडायची, सगळं! कोरियन युद्धात किल्ल्याची बरीच नासधूस झाली. १९७५ ते १९७९ मध्ये हा अहवाल समोर ठेवून तो दुरुस्त केला. १९९७ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत आला. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने कंटाळा न करता लिहिलेली वही शेवटी कामाला आली.

मग आपण काय घ्यायचं?

फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये आपल्याला सांगतात, रीडिंग्ज संपली की ग्राफची पुढची रेष तुटक काढायची. किती जण काढतात? आधी ग्राफ आणि मग रीडिंग, हा प्रकार कुठल्याच कॉलेजला नवा नाही. दहापैकी दहा मार्क मिळतात आणि जर्नल सबमिट होतं. पण अजून दोन वर्षांनी आपल्यापैकी कुणी जुन्या इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट लिहीत असेल, कुणी पुलाच्या दुरुस्तीवर असेल. तिथे 'मोजलं' आणि 'गृहीत धरलं' यांची सरमिसळ झाली, तर त्या इमारतीत झोपणाऱ्या माणसाला ते कळणार नाही. त्याने आपल्या सहीवर विश्वास ठेवलेला असतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, वस्तू शाबूत असतानाच मोजून ठेवा. सुंगन्येमुनची ड्रॉईंग्ज आगीच्या दोनच वर्षं आधीची होती. दोन, काय केलं एवढंच लिहू नका, कसं केलं तेही लिहा. वर्कशॉपमधल्या मामांच्या हाताला जे ठाऊक आहे ते आपल्या कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही, ते रिटायर व्हायच्या आत विचारून घ्या. तीन, आपला अंदाज असेल तिथे 'अंदाज' असं स्पष्ट लिहा. त्याने रिपोर्ट कच्चा दिसत नाही. पुढच्या माणसाला काम कुठून सुरू करायचं ते कळतं.

मिरुकसाच्या पश्चिम मनोऱ्याचा फोटो मिळाला तर जरूर बघा. एका बाजूला सहाव्या मजल्यापर्यंत चढत गेलेले दगड आणि दुसऱ्या बाजूला मोडलेली कड, तशीच ठेवलेली. ती कड म्हणजे बांधणाऱ्यांनी दगडात काढलेली तुटक रेषच आहे.